एक नंबरची रिकामी फेरी

सोमवार, १ सप्टेंबर

मामाच्या घरात मराठी सगळे बोलतात, वाचत कोणी नाही. मामा कन्नड पेपर वाचतो, मामी कन्नड पंचांग. त्यामुळे ही वही जेवणाच्या टेबलावर उघडी टाकून अंघोळीला गेले तरी चालतं. शाळेत हिंदीच्या तासाला गिरवलेल्या बाराखडीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मामीनं आज शेजारणीशी ओळख करून दिली. "ही पावनी, माझ्या नणंदेची. बी.कॉम. करत होती." त्यातल्या 'होती'वर जोर. त्यानंतर मी गोकर्णात पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, हंपीत सायकली भाड्यानं दिल्या, कोडगूत कॉफीच्या मळ्यातून लोकांना फिरवलं, हे शेजारणीला सांगण्यासारखं नसावं. दसऱ्यापर्यंत मी इथं म्हैसूरला, अग्रहारात. मग पाँडिचेरी. किंवा मुन्नार, तिथं एक ओळखीची आहे.

दुपारी मामा जेवताना भातात नुसती बोटं फिरवत होता. त्याच्या नऊ मिनीबस आहेत. कडकोळच्या एका कंपनीतल्या कामगारांना घरून न्यायचं आणि घरी सोडायचं, एवढंच त्यांचं काम. कंपनीनं त्याला बोलावून सांगितलं की आता आमच्या नावानं फिरणाऱ्या सगळ्या गाड्यांचा धूर आम्ही मोजणार, कंत्राटदारांच्यासुद्धा. आणि सगळ्यात जास्त धूर मामाचा. सप्टेंबर संपेपर्यंत तीच माणसं, त्याच शिफ्ट, पण डिझेल पावभागानं कमी झालं पाहिजे. नाही झालं तर बेंगळूरची एक इलेक्ट्रिक बसवाली मंडळी तयार बसली आहे.

"मग तूही इलेक्ट्रिक घे," मी म्हटलं.

"भाजी आहे का ती," मामी म्हणाली.

मामानं ताटातला भात एका कडेला सारला. "मी एकटा असतो तर पर्वागिल्ला, चाललं असतं. ड्रायव्हरांचं काय करू? या वयात त्यांना कोण ठेवणार?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सुम्ने बसली आहेस. गाड्यांमधून फीर. काय दिसतं ते बोल."

सुम्ने म्हणजे उगाच. पण 'उगाच' म्हटलं की कोणीतरी रागावल्यासारखं वाटतं. सुम्ने बसण्यात काही गुन्हा नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

पहाटे नरसिंहअण्णांच्या गाडीत. ते आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. गाड्या सगळ्या ड्रायव्हरांच्या दारातच झोपतात, मामाकडे नऊ गाड्या लावायला जागा कुठली. अण्णा बोलत नाहीत फारसं. मी चढले तर म्हणाले, "एनम्मा, स्वेटर नाही?" संपलं.

त्यांचा रूट बोगादीपासून सुरू होतो. म्हणजे रिकामी गाडी घेऊन शहराच्या पश्चिम टोकाला जायचं, तिथून एकेक माणूस उचलत रिंग रोडनं कडकोळला. रिकाम्या गाडीत मधोमध बसून मी दोन्ही बाजूच्या खिडक्या उघडल्या. म्हैसूर त्या वेळी नुकतं धुतल्यासारखं असतं. विद्यापीठाच्या भिंतीपाशी समोरून आमच्यातलीच एक गाडी आली, तीही रिकामी. दोघांनी दिवे खाली केले, दोन छोटे हॉर्न दिले, आणि गेले आपापल्या वाटेनं.

"कोण हो?"

"श्रीहरी. एक नंबर."

"इकडे कुठून आले?"

"घर बोगादीला."

"आणि चाललेत कुठं?"

"अग्रहार. रूट तिकडून."

रोज इथेच भेटतात म्हणे, दोन वर्षं झाली. किती सुंदर. मी आयुष्यात कोणाला एका जागी रोज भेटले नाही. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "हं. आणखी काय दिसलं?" आणखी म्हणजे वाटेतल्या तळ्यावर पेलिकन होते. ते त्याला नको होतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

कंपनीच्या गेटवरचा धूर आज पाहिला. शिफ्ट सुटायच्या आधी नऊच्या नऊ गाड्या रांगेत उभ्या आणि सगळ्यांची इंजिनं चालू. बाजूला कंपनीचं पाळणाघर आहे, तिथल्या बाईनं खिडक्यांना कागद चिकटवलेत.

कंपनीची विद्याश्री तिथेच भेटली. धूर मोजणारी ती हीच. माझ्याच वयाची असेल, गळ्यात ओळखपत्र, पायात चिखलाचे बूट. मला वाटलं होतं चष्मा सरसावून कोणीतरी ओरडणार. ती म्हणाली, "तू तरी सांग ना. मी इंजिन बंद करा म्हणते, सगळे हो हो म्हणतात. मी पाठ फिरवली की परत घुर्रर्र."

मी नरसिंहअण्णांना विचारलं, का बंद करत नाही. त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "बंद केली आणि चालू झाली नाही तर?"

"नाही होत?"

"चारचौघींसमोर?"

एवढीच गोष्ट. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात आणि ड्रायव्हरांना लाज वाटते. मी म्हटलं, माझ्यासाठी एकदा बंद करा. त्यांनी केली. शिफ्ट सुटली, बायका बसल्या, आणि गाडी खरंच चालू झाली नाही. मग बायका उतरल्या, पदर खोचले आणि ढकलायला लागल्या. त्यात एक म्हणाली, "अण्णा, तुमच्या लग्नातही अशीच ढकलावी लागली होती का?" अण्णांचे कान लाल. मीही ढकललं. बूट तुटला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मामानं सगळ्या बॅटऱ्या आणि स्टार्टर नीट करून घेतले. आता गेटवर इंजिनं बंद असतात. पाळणाघराच्या बाईनं कागद काढले. विद्याश्री म्हणते फरक पडला, पण थोडाच. उरलेलं डिझेल जातं कुठं?

मी म्हटलं आणखी काहीतरी नवीन करून बघू. मामीनं पंचांगावर बोट ठेवलं. पितृपक्ष लागला. घटस्थापनेपर्यंत या घरात नवीन काही सुरू होत नाही. दुरुस्ती चालते, नवीन नाही. आणि घट बसणार बावीसला. महिना संपायला मग उरतो आठवडा.

मामीनं माडीवरची खोली झाडून घेतली, तिथं माझी गादी टाकली. दसऱ्यापुरतं एवढं कशाला, मी म्हटलं. ती म्हणाली, खोली रिकामी राहिली की कुबट वास येतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज एक नंबरमध्ये बसायचं ठरवलं होतं. श्रीहरीकाका मामाचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. आमच्यासारखंच म्हैसूरचं मराठी घर, त्यामुळे बोलायला सोपं. त्यांची गाडी बोगादीला त्यांच्या दारात, म्हणून नरसिंहअण्णांना म्हटलं मला तिथं सोडा, आणि काकांना फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत निघू नका.

अण्णांनी मला काकांच्या दारात उतरवलं. कमलाक्षीकाकू कॉफी घेऊन फाटकात उभ्याच होत्या. मग काका आणि मी निघालो, रिकामी गाडी, आलो त्याच रस्त्यानं परत. काका गाडी चालवताना पाठ ताठ ठेवतात, जणू मागं कोणीतरी मोठं माणूस बसलंय. अग्रहारात कोपऱ्यावरच्या गणपतीपाशी थांबले, चप्पल काढून खाली उतरले, नमस्कार केला, आणि मग दार उघडलं. एक नंबरचा पहिला स्टॉप तोच.

पहिली चढली वनजक्का, पॅकिंगला आहे. मला बघून थबकली.

"तू महादेवरावांची भाची ना? मघाशी मी दूध घ्यायला आले तेव्हा तर नरसिंहाच्या गाडीत चढत होतीस. इथंच."

"हो."

"आणि आता उतरलीस कुठं?"

"उतरले नाही. काकांबरोबर आले."

"इथंच?"

"इथंच."

तिनं पदर तोंडाला लावला आणि कडकोळ येईपर्यंत हसत राहिली. आरशातून काका तिच्याकडे बघत होते, ते नाही हसले. एवढं हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. बहुतेक माझे केस. खिडकीत बसलं की झाडू होतो त्यांचा.

येताना नंजनगूड रोडवर एका टपरीत तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी. त्या माणसाला विचारत बसले की ती मधोमध कच्ची कशी राहत नाही. मामाला काय सांगायचं ते राहूनच गेलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

हे लिहायला नको वाटतंय.

विद्याश्री सकाळी गेटवर येऊन गेली. म्हणाली, असंच राहिलं तर मला वरच्या साहेबांना जे आहे तेच सांगावं लागेल. तिचा आवाज मऊ होता, त्यानं आणखी वाईट वाटलं. ती गेल्यावर सगळे ड्रायव्हर चहाच्या टपरीवर माना खाली घालून उभे. म्हटलं यांना जरा हसवू. म्हणून गुरुवारची गोष्ट सांगायला घेतली. मला गोष्ट रंगवून सांगता येते, हंपीत त्यावरच माझं चालायचं.

"तर बघा," मी म्हटलं, "मी राहते अग्रहारात. नरसिंहअण्णांनी मला रिकाम्या गाडीतून नेलं आणि सोडलं कुठं, तर श्रीहरीकाकांच्या दारात. मग श्रीहरीकाकांनी मला रिकाम्या गाडीतून नेलं आणि आणलं कुठं, तर नरसिंहअण्णांच्या..."

'दारात' म्हणेपर्यंत मला माझंच बोलणं ऐकू आलं.

कोणी हसलं नाही. कोणाला आश्चर्यही वाटलं नाही, ते जास्त भयंकर होतं. नरसिंहअण्णा आभाळाकडे बघायला लागले. एक जण चहा पीत होता तो कप तसाच तोंडाशी धरून राहिला. श्रीहरीकाकांनी आपला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, अगदी सावकाश, आणि गाडीकडे गेले.

बाकीच्यांचंही तसंच आहे. मी नंतर एकेकाला विचारलं. एकाचा रूट एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. रूट लागले तेव्हा घरं तिथं होती. मग कोणी भाडं परवडेना म्हणून हललं, कोणी मुलीच्या शाळेसाठी, कोणी घर बांधलं. माणसं हलली, रूट राहिले. रोज पहाटे नऊ रिकाम्या गाड्या एकमेकींना ओलांडून जातात. आणि रात्री परत. आणि मी म्हणे किती सुंदर.

मंगळवार, १६ सप्टेंबर

श्रीहरीकाका आले नाहीत. गाडी पहाटेच आमच्या दारात लावून गेले, किल्ली मामीच्या हातात दिली. "रावांना सांगा, एक नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा तर द्या." बोगादीला परत बसनं गेले म्हणे.

मामा स्वतः एक नंबर घेऊन गेला. वनजक्का म्हणाली, "राव, ब्रेक कुठला आहे माहीत आहे ना?" तो बरेच दिवस चालवत नाही. आज सगळ्यांना उशीर झाला.

नंतर त्यानं नरसिंहअण्णांना बोलावलं. तुझं घर इथलं, तू एक नंबर घे. अण्णा हात मागं बांधून उभे. "त्यांची गाडी आहे. मी बसणार नाही." आणि जाताना, "बेंगळूरवाले आले तर घरी बसेन. पण त्या गाडीत नाही."

मला वाटलं आता मामा मला बोलणार. मी दारामागं उभी होते, बॅग भरायची का असा विचार करत. त्यानं हाक मारली, कॉफी मागितली, मग म्हणाला, तूही घे, बस.

"श्रीहरीनं आणि मी एका मॅटाडोरवर सुरुवात केली," तो म्हणाला. "तेव्हा तो इथंच राहायचा, तीन घरं सोडून. एक नंबर म्हणजे त्या पहिल्या गाडीचा रूट. आयुधपूजेला पहिला कोहळा एक नंबरच्या गाडीपुढं फुटतो. बाकीचे त्याच्याकडे बघून चालतात. त्यानं रूट सोडला नाही, म्हणून कोणी सोडला नाही."

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"नऊही जणांना माहीत आहे."

"मग तू का नाही बोललास?"

मामानं कपातली साय बोटानं काढली. "रूट त्यानं मागितला नव्हता. मी दिला होता. दिलेलं परत मागू कसा?"

"मग मला कशाला पाठवलंस गाड्यांमधून? मी तर सगळं बोलून बसते."

"हो," मामा म्हणाला. "उद्यापरवा बोगादीला जाऊन ये."

शिक्षाच ती. पण आवाज शिक्षेचा नव्हता, त्यामुळे काय ते समजेना.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी निघाले ती तळ्यावर अडकले. पेलिकनच्या चोचीखालची झोळी उन्हात अशी दिसते की आतला मासा दिसेल असं वाटतं. दिसला नाही. बोगादीला पोचले तेव्हा भर दुपार. खरं म्हणजे मला पोचायचंच नव्हतं.

श्रीहरीकाका अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. शर्टाला इस्त्री. कामावर जात नसलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून झाडाला पाणी घालतो, ते बघून माझी पाठ केलेली माफी विसरली.

"काका, मी मुद्दाम नाही बोलले."

"मुद्दाम बोलली असतीस तर राग आला असता," ते म्हणाले. "बैस. ऊन आहे."

कमलाक्षीकाकूंनी ताक आणलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. "विचार त्यांना," त्या मला म्हणाल्या. "दोन दिवस घरात बसून माझे डबे लावतायत. तिखटाच्या डब्यात हळद. विचार, कधी जाणार."

काका झाडाकडे बघत बोलले. "मला काय दिसत नाही होय ग? रोज पहाटे अर्धं शहर रिकामी गाडी पळवतो. मागं धूर सोडतो तो माझ्याच आरशात दिसतो. मी दोन वर्षं थांबलोय, राव आज विचारतील, उद्या विचारतील."

"मग तुम्हीच का नाही म्हणालात?"

"मी म्हणालो, राव, मला घराजवळचा रूट द्या. तर राव काय समजतील?"

"काय?"

"श्रीहरी दमला." त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. "मग म्हणतील, श्रीहरी, खूप केलंस, आता घरी बैस. शाल घालतील. नारळ देतील. अगदी मनापासून देतील. रावांच्या रागाची मला कधी भीती वाटली नाही. त्या शालीची वाटते."

"घरी बसले तर मीच माहेरी जाते," काकू म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रडूही, आणि अशा वेळी माझं डोकं चालत नाही, हात चालतो. मी मामाला फोन लावला. लागल्यावर म्हटलं, "मामा, काकांना विचार." आणि फोन काकांच्या हातात दिला.

काका फोन कानापासून जरा लांब धरून बोलतात. मामाचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा येत होता. इकडून एवढंच ऐकू आलं:

"हां राव... हो, बरंय... नाही नाही, गुडघा चांगला आहे... बोगादीचा?... मलाच हवाय म्हणून नाही, तुम्हाला हवा असेल तर... गरज आहे म्हणता?... हां... नरसिंह तयार होईल, मी सांगतो त्याला... नको, पितृपक्ष संपू दे. सोमवारी."

फोन परत दिला. डबा उचलला. झाडाच्या बुंध्याशी उरलेलं पाणी ओतलं.

"अष्टे?" काकूंनी विचारलं. एवढंच?

"अष्टे," काका म्हणाले.

दोन वर्षं. मी रस्त्यानं येताना दोनदा थांबून एकटीच हसले. एक रिक्षावाला विचारत होता, ताई, कुठं जायचंय. म्हटलं चालतेय सुम्ने.

शनिवार, २० सप्टेंबर

श्रीहरीकाका काल स्वतः नरसिंहअण्णांच्या घरी जाऊन आले. काय बोलले कोणाला माहीत नाही. आज बाकीचे ड्रायव्हर एकेक करून मामाकडे आले, प्रत्येक जण दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला, टायर, आरसा, आणि जाताजाता, "राव, माझंही तसंच आहे बघा." दुपारपर्यंत नऊच्या नऊ रूट बदलून झाले. मामानं मलाच सांगितलं प्रत्येकाला फोन करून समजावायला. मामी म्हणते मी आता फोनवर मामासारखं 'हं' म्हणते. काहीतरीच.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. नवीन रूट सुरू.

मी श्रीहरीकाकांबरोबर. काल रात्री बोगादीलाच राहिले. गाडी दारातून निघाली आणि पहिली बाई पुढच्याच वळणावर उभी. रिकामी फेरी संपायला काकांना कॉफीच्या वाफेएवढाही वेळ लागला नाही. ते जरा गडबडले. मग खरी मजा. बोगादीतले नवे लेआउट सगळे सारखे, तेच गेट, तीच कुंडी, त्याच पाण्याच्या टाक्या. काका एका गल्लीत शिरले ती गल्ली संपली भिंतीला. मागून सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"काका, डावीकडे."

"डावीकडे नाही ग, ती निळ्या गेटची."

"निळं आता हिरवं झालंय."

"अहो, तुम्ही राहता ना इथं?"

"राहतो," काका म्हणाले, "पण उजेडात कधी पाहिलं नाही."

दोन बायका राहून जात होत्या, त्या धावत येऊन चढल्या. काका सगळ्यांची माफी मागत होते आणि पाठ तशीच ताठ. तरी कडकोळला रोजच्यापेक्षा आधी पोचलो. इंजिन बंद करून काका नुसते बसून राहिले, हात मांडीवर. हा वेळ कशाचा ते त्यांना ठरवता येईना.

वनजक्का तिकडची बातमी घेऊन आली. नरसिंहअण्णांनी गणपतीपाशी गाडी थांबवली, उतरले, दोन नमस्कार केले. तिनं विचारलं दोन का. म्हणाले, "पहिला श्रीहरींचा."

बुधवार, १ ऑक्टोबर

आयुधपूजा. नऊ गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून आमच्या गल्लीत. चाकांखाली लिंबं. दर वर्षी आरतीला सगळी इंजिनं चालू ठेवतात, यंत्र जिवंत असताना ओवाळायचं म्हणून. यंदा विद्याश्रीला मामीनं जेवायला बोलावलं होतं. ती पायरीवर साडी सावरत उभी राहिली. ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. श्रीहरीकाकांनी आपली किल्ली फिरवून बंद केली. मग एकेक करत सगळ्या. घंटेचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, एवढी लहान घंटा ती.

कोहळ्यावरून अडलं. काका म्हणाले, एक नंबरचा रूट आता नरसिंहाचा, त्याची गाडी आधी. अण्णा म्हणाले, छे. काका म्हणाले, अरे पण. अण्णा म्हणाले, मी घरी जातो. मामाच्या हातात कोहळा, कापूर विझत आलेला. शेवटी मामी म्हणाली, "दोन्ही गाड्यांच्या मध्ये फोडा आणि जेवायला चला, भात गार होतोय." कोहळा असा फुटला की कुंकवाचं पाणी दोन्ही गाड्यांवर सारखंच उडालं. थोडं विद्याश्रीच्या साडीवरही. ती म्हणाली, पर्वागिल्ला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

विद्याश्रीनं मामाला कंपनीत बोलावलं होतं, महिन्याचा निकाल सांगायला. मामा एकटा जाईना, मला घेऊन गेला. गेटवर नऊ गाड्या शांत उभ्या, ड्रायव्हर टपरीवर, आणि चहाला कोणी हात लावत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हाच मला कळलं. चालण्यात कळतं.

पावभागाच्या पुढं गेलो. शेवटच्या आठवड्यानं सगळा महिना ओढून नेला. कंत्राट राहिलं. मामानं दोन्ही हात जोडले, मग काय करावं न कळून तेच हात खिशात घातले. नरसिंहअण्णा टपरीवाल्याला म्हणाले, "सगळ्यांना परत गरम दे." कोणीतरी कोणाच्या पाठीत थाप मारली. मी पाळणाघराच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आज मुन्नारच्या मैत्रिणीचा फोन दोनदा येऊन गेला, घ्यायचा राहिला.

विद्याश्रीची आणखी एक बातमी होती. नव्या वर्षी कंपनी स्वतःच एक इलेक्ट्रिक मिनीबस घेऊन मामाकडे चालवायला देणार. माणूस मात्र भरवशाचा हवा, सगळे त्याच्याकडे बघून शिकतील.

"श्रीहरी," मामा लगेच म्हणाला. या वेळी विचारायला त्यानं दोन वर्षं लावली नाहीत.

श्रीहरीकाकांनी चहाचा घोट घेतला. सगळे बघत होते. "नरसिंहाला द्या राव," ते म्हणाले. "मला आधी बोगादी शिकू दे. कालच परत त्या भिंतीशी जाऊन थांबलो."

"किती दिवस लागतील शिकायला?" मामानं विचारलं.

काकांनी जरा हिशेब केल्यासारखं केलं.

"लागतील चार-पाच वर्षं," ते म्हणाले, आणि ग्लास ठेवून गाडीत जाऊन बसले.